वर्ध्याचा ध्वज आणि चरखा

आपल्याकडील नगरपालिकांजवळ बोधचिन्हे असतात, ध्वज सहसा नसतात. ती चिन्हे कागदाच्या माथ्यावर आणि पाण्याच्या टँकरवर विराजमान होतात व कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. वर्धा नगराने उद्या स्वतःचा ध्वज करावयाचे ठरविलेच, तर त्यावर काय असावे हे शोधण्यासाठी समिती नेमण्याचे कारण नाही. चरख्याखेरीज दुसरे चिन्ह कोणाला सुचणार? अडचण आहे ती नेमकी तेथेच.

ध्वज म्हणजे काय, हे या भूमीस शिकवावयास नको. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर चरखांकित ध्वज लावण्यावरून संघर्ष पेटला. मे महिन्यात त्याचे लोण नागपुरास पोचले आणि झेंडा सत्याग्रहाची धुरा वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी उचलली. ते तुरुंगात गेले, विनोबाही गेले. त्या ध्वजावरील चरखा ही शोभेची नक्षी नव्हती. ते कापड कसे जन्मास आले, याची ती साक्ष होती.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले. चरखा ध्वजाच्या मागील बाजूने उलटा दिसतो, हा नेहरूंचा युक्तिवाद चित्रकाराच्या दृष्टीने बिनतोडच होता. गांधीजींना मात्र तो बदल सहजासहजी रुचला नाही. चिन्ह गेले तरी निदान कापड खादीचे उरले होते. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावरील कापडाला आणि पॉलिएस्टरलाही मुभा मिळाली.

तेव्हा वर्ध्यापुढील खरा प्रश्न चित्राचा नसून कापडाचा आहे. पॉलिएस्टरवर छापलेला चरखा मगनवाडीच्या गावात फडकविणे म्हणजे त्या चिन्हाची थट्टा होय. ज्या जिल्ह्यात हिंगणघाटच्या कापसाने एके काळी बाजारात नाव कमावले, जेथे मगन संग्रहालय आजही नैसर्गिक रंगांतील खादी घडविते, त्याने सुरतेहून ठोकाच्या भावात झेंडे मागवावेत काय? न धुतलेल्या सुताची पांढुरकी पार्श्वभूमी आणि तीवर एकच चरखा, एवढे पुरे. किल्ले, कणसे आणि संस्कृत सुभाषिते यांची गर्दी नको. मागून तो उलटा दिसला तर दिसो. राष्ट्रध्वजाहून तो उंच लावावयाचा नाही, हे उघडच आहे.

खादी वर्ध्याच्या उन्हात विटेल, पावसात विरेल, हा आक्षेप निघेल आणि तो खराही आहे. मग दरवर्षी नवा ध्वज विणून घ्यावा लागेल. पालिकेच्या अंदाजपत्रकात जिल्ह्यातील हातमागासाठी एक कायमची रक्कम मांडावी लागेल.