कात्री नेमकी कोठे लावावी?

पोलादपूरच्या डोंगरखेड्यांतील कित्येक चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत. 1982 च्या गिरणी संपाने तो आधार डळमळला. अशा वेळी काटकसरीची पहिली कात्री बहुधा गृहिणीच्या ताटावरच चालते. दूध व डाळ प्रथम घटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही काटकसर नव्हे, उद्याच्या आजारपणाचे ते कर्जच होय.

केंद्र सरकारच्या 2023-24 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरमाणशी मासिक खर्च 4122 रुपये होता. त्यात तृणधान्याचा वाटा सुमारे 5 टक्के, तर पेये व तयार खाद्यपदार्थांचा सुमारे 10 टक्के. तेव्हा कात्री धान्याच्या डब्याला नव्हे, दुकानातील पुड्यांना लागावी. त्याहून मोठी गळती हप्त्यांवरील खरेदीत आणि लोकलाजेस्तव होणाऱ्या लग्नखर्चात असते. हा निर्णय मात्र गृहिणीचा एकटीचा नसतो. तेथे कर्त्या पुरुषांनीच आवर घालावयास हवा.

जुलै 2021 मध्ये तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. सरकारी मदत हाती पडेपर्यंतचे दिवस गाठीच्या पैशांवरच निभवावे लागतात. ती गाठ बांधण्यासाठी प्रत्येक घराने निदान तीन महिने जमाखर्च लिहून पाहावा. अनावश्यक काय, हे मग वहीच सांगेल.