पूल रिकामा करू नका!

परीक्षा संपत आल्या की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, पूल कधी उघडणार? दिवाळीपासून पंप बंद. पाणी हिरवंगार, वर गुलमोहराचा पाला. मग कमिटीतलं कुणीतरी ठासून सांगतं, 'सगळं सोडून द्या आणि नवीन भरा.' या ठरावाला माझा कायमचा विरोध आहे. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे एक लाख साडेबारा हजार लिटर पाणी. दहा हजारी टँकर धरले तर अकराहून जास्त, तेही ऐन एप्रिलमध्ये! शिवाय जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, तडकते.

आहे तेच पाणी निवळतं. आधी जाळीने पाला काढायचा, भिंती घासायच्या. पीएच ७.२ ते ७.६च्या दरम्यान आणायचा, कारण तो चढलेला असेल तर क्लोरीन पाण्यात असूनही सुस्त पडतो. क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा तो संध्याकाळी. दुपारी दिला तर ऊनच तो खाऊन टाकतं. पंप रात्रभर चालू. आणि क्लोरीनची ब्लीचिंग पावडर व पीएच उतरवायचं ॲसिड एकत्र कधीच करायचं नाही, विषारी वायू निघतो.

सकाळी हिरवा रंग गेलेला असतो, पण पाणी ताकासारखं पांढुरकं. नेमकी इथे घाई होते. 'पावडर कमी पडली,' म्हणत आणखी ओतली जाते. वास्तविक ते मेलेलं शेवाळ असतं, इतकं बारीक की वाळूच्या फिल्टरमधूनही निसटतं. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर ब्लीचिंग पावडरने गढूळपणा वाढतोच. आता काम तुरटीचं, पावसाळ्यात आजी हंड्यात फिरवायची तीच. एकमेकांना दूर लोटणारे कण तिच्यामुळे गोळा होतात आणि तळाशी बसतात. मात्र पंप बंद हवा, रात्रभर पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

मग व्हॅक्यूम. आमचा पूलवाला दांडा धरून काठाकाठाने इतका सावकाश चालतो की बघणाऱ्याला जांभई यावी. पण ब्रशमागे निळ्या टाइल्सचा स्वच्छ पट्टा उघडा पडत जातो. जरा घाई केली की गाळ पुन्हा वर. हा गाळ फिल्टरमध्ये न नेता थेट गटारात सोडायचा. नंतर फिल्टरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, आणि पीएच पुन्हा तपासायचा, कारण तुरटीने तो उतरतो.

कमिटीला एकच विनंती. खोल टोकाची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नाही तोवर कुलूप काढू नका, ग्रुपवर कितीही मेसेज येवोत. गढूळ पाण्यात बुडणारं मूल जीवरक्षकालाही दिसत नाही.