पित्त म्हणून दुखणे अंगावर काढू नका

आपल्या वस्त्यांत पोटात दुखले की 'पित्त झाले' म्हणायचे, मेडिकलवरून गोळी आणायची आणि कामाला जायचे, ही जुनी सवय. उजव्या बरगडीखाली दुखते, कळ पाठीत-खांद्यात जाते, तेलकट खाल्ले की वाढते. तरी मजुरी बुडेल म्हणून आपल्या माता-भगिनी सोसत राहतात. ही सवय मोडलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पित्ताशयात खडे राहिले की त्याला सूज येते. क्वचित ही सूज वेगळे वळण घेते. कोंडलेले पित्त पित्ताशयाच्या भिंतीत झिरपते, त्यातली चरबी गिळून पेशी फुगतात, पिवळसर गाठी होतात आणि भिंत जाड होते. डॉक्टर याला 'झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस' म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये कॅन्सरसारखा दिसतो. शेजारच्या यकृतातही ही सूज शिरते. तिथे पू होऊन गळू होऊ शकते. पित्ताची नळी दाबली गेली तर कावीळ होते.

म्हणून 'कॅन्सर दिसतो' एवढे ऐकून, हाय खाऊन रुग्णाला घरी आणू नका. क्वचित दोन्ही आजार एकत्रही असतात. खरे काय ते तुकडा तपासल्यावरच कळते. ऑपरेशनमध्ये काढलेले पित्ताशय पॅथॉलॉजी तपासणीला पाठवले का, हे विचारा आणि रिपोर्ट मागून घ्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

कावीळ माळ घालून, हातावर चुना चोळून उतरवण्यात दिवस घालवू नका. थंडी वाजून ताप, पिवळे डोळे आणि उजवीकडे दुखणे एकत्र आले तर त्याच दिवशी 108 ला फोन करून दवाखाना गाठा.

हिंगोली जिल्हा 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2024 उजाडले. आता सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतच्या गरीब रुग्णाला मोठ्या ऑपरेशनसाठी नांदेडची वाट धरावी लागू नये. सर्जन, सीटी स्कॅन आणि पॅथॉलॉजी जिल्ह्यातच मिळावी, ही मागणी आपण एकमुखाने केली पाहिजे.

तोवर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन कुठे होईल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा 155388 वर विचारा. विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. वस्तीत कोण पोट धरून कामाला जाते, हे आपल्याला ठाऊक असतेच. तिला एकटी सोडू नका, सोनोग्राफीला सोबत घेऊन जा.