फाटकावरची अक्षरे



शाळेच्या फाटकावरची पाटी नवी करायची आहे. डीटीपीवाल्याने दिलेल्या नमुन्यांत जुन्या जाहिरातींच्या थाटाचा एक फॉन्ट सर्वांना आवडला. उभे दांडे जाडजूड, बाकी रेघा केसासारख्या बारीक. मलाही तो देखणा वाटला. तरी तो फाटकावर नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच थाटाचा 'रोझा वन' हा फॉन्ट इंडियन टाइप फाउंड्रीने 2014 मध्ये काढला. तो मोफत मिळतो. त्यातल्या इंग्रजी अक्षरांचे वळण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लंडनमधले, भिंतीवरच्या मोठ्या जाहिरातींसाठी घडलेले. आपल्याकडे जाड-बारीक रेघ आली ती बोरूच्या तिरप्या टोकातून. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (1869) तिला खिळ्यांत असे बसवले की पोथीतला बारीक मजकूरही डोळ्यांना त्रास देत नाही. म्हणजे जुनेपणाही दोन तऱ्हांचा असतो.

आता पाटीचे पाहा. कर्नाटकात 2024 च्या कायदादुरुस्तीने व्यावसायिक आस्थापना, ट्रस्ट, रुग्णालये वगैरेंच्या पाट्यांवर वरच्या भागात 60 टक्के कन्नड आले. आपल्या पाटीवरही कन्नड वर आणि मोठे राहील. खाली इंग्रजीसह मराठीला जी पट्टी उरते, तिच्यात त्या बारीक रेघा रस्त्यावरून दिसणारच नाहीत. मिळालेल्या एवढ्याशा जागेत आपली भाषा वाचता आली नाही, तर दोष कायद्याला कसा द्यायचा?

दुसरी गोष्ट जरा घरची. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' काढायचो, तेव्हा मागच्या बाकावरची मुले हसायची. (त्यांतले काही आज पालक म्हणून सभेला येतात!) पुढे हात वळवला. महाराष्ट्र शासनानेही 2022 च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' धरला आहे. पण नक्षीदार फॉन्टमध्ये बरेचदा हिंदी वळणच येते. एका स्नेहसंमेलनाच्या बॅनरवर तर 'ळ' नसलेला फॉन्ट वापरला गेला आणि 'शाळा'ची 'शाला' झाली. कार्यक्रम संपेपर्यंत कोणाच्या लक्षातही आले नाही. मला त्याचीच जास्त खंत वाटली.

अंकाचे मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाची पत्रिका, हस्तलिखिताचे शीर्षक यांवर हा फॉन्ट खुशाल वापरा. तिथे अक्षर मोठे असते आणि वाचणारा थांबलेला असतो. फाटकासाठी मात्र गावातल्या पेंटरकडूनच अक्षरे काढून घ्यावीत.

सोमवारी 'शाळा' आणि 'शेतकऱ्यांची' हे दोन शब्द दोन्ही तऱ्हांनी कागदावर काढून फाटकाला लावणार आहोत. पालकांनी बस थांब्यावरून पाहून, कोणते वाचता आले ते कार्यालयात कळवावे.

– मुख्याध्यापक