आरमाराचं दफ्तर जळालं, जहाजाचा माग राहिला

जानेवारी १८४४ मध्ये हेगला डच नौदल खात्याच्या इमारतीला आग लागली. सतराव्या शतकातल्या आरमाराचं बरंचसं दफ्तर त्यात गेलं. तरीही त्या काळच्या एखाद्या भाड्याच्या युद्धनौकेचा माग आजही काढता येतो. कसा, ते आपण नीट समजून घ्यायला हवं.

१६५२ साली इंग्लंडशी युद्ध पेटलं तेव्हा डचांकडे स्वतःची लढाऊ जहाजं कमी होती. मग व्यापाऱ्यांची जहाजं भाड्याने घेतली, तोफा चढवल्या आणि लढायला धाडली. ईस्ट इंडिया कंपनीचीही जहाजं आरमाराच्या दिमतीला आली. (तीच कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.) तिचं 'व्होगेलस्ट्राउस' ऑगस्ट १६५२ मध्ये प्लिमथच्या लढाईत होतं, कप्तान डाउवे आउकेस. नावाचा अर्थ शहामृग. पण कुठे हेच नाव उलटं, 'स्ट्राउसव्होगेल' असं येतं. नवखा माणूस दोन जहाजं मोजून मोकळा! म्हणून कप्तान, तोफा, मालक असं सगळं ताडून बघावं लागतं.

हे ताडता येतं, कारण सगळे कागद एकाच कपाटात नव्हते. आरमाराची पाच मंडळं तीन प्रांतांत विभागलेली होती. त्यांनी मध्यवर्ती सभेला लिहिलेली पत्रं सभेच्या दफ्तरात राहिली. ॲमस्टरडॅमच्या नोटरींकडचे करार आणि खलाशांच्या जबान्या शहराच्या अभिलेखागारात आहेत, अगदी १५७८ पासूनच्या. इंग्रजांनी पकडलेल्या जहाजांवरचे कागद लंडनला सापडतात. भाड्याचा साधा करार तेव्हा कुणाला महत्त्वाचा वाटला असेल? पण आज जहाजाचा पत्ता तोच देतो.

आता आपल्याकडे या. २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं, फायली खाक झाल्या. त्यानंतर स्कॅनिंगची चर्चा खूप झाली. पण स्कॅन ठेवलेला सर्व्हरही त्याच इमारतीत असेल तर काय उपयोग? दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. आणि तालुक्यातले ठेके, भाडेकरार, पावत्या रद्दीत घालण्याआधी जाणकाराने एकदा तरी बघायला हव्यात. यात फार मोठा खर्च नाही, फक्त कुणालातरी त्याची जबाबदारी द्यावी लागेल.

आपल्या नगरपालिकेच्या जुन्या दफ्तराची दुसरी प्रत कुठे आहे? पुढच्या सभेत नगरसेवकाला एवढं विचाराच.