टेबल ‘ऑब्जेक्ट’ आहे का?

सहावीतली भाची परवा फूटपट्टी घेऊन माझं टेबल मोजत होती. घरातल्या पाच वस्तू मोजून इंग्रजीत लिहायचा गृहपाठ होता. तिनं लिहिलं, ‘द टेबल इज लाँग.’ मग ‘टेबल’खाली रेघ मारून ‘ऑब्जेक्ट’ असंही लिहिलं. मी म्हटलं, अगं, इथे टेबल सब्जेक्ट आहे. ती म्हणाली, “मामू, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू ना? मग टेबल वस्तू नाही का?”

चूक तिची नाही. रोजच्या इंग्रजीत ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, व्याकरणात ऑब्जेक्ट म्हणजे कर्म. कर्म ही वस्तू नव्हे, वाक्यातली भूमिका आहे. ‘आय मेझर्ड द टेबल’ म्हटलं की तेच टेबल कर्म होतं. ‘कर्म’ हा एक शब्द उच्चारला असता तर पोरीचा गोंधळ मिटला असता. पण तिच्या इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायला बंदी आहे!

त्याऐवजी गाइडमधली युक्ती पाठ करून घेतात: क्रियापदाला ‘व्हॉट’ विचारा, उत्तर येईल ते ऑब्जेक्ट. ‘द टेलर मेझर्ड द क्लॉथ.’ काय मोजलं? कापड. बरोबर. आता ‘द क्लॉथ मेझर्स थ्री मीटर्स’ घ्या. व्हॉट? थ्री मीटर्स. युक्तीप्रमाणे हेही ऑब्जेक्ट, पण ते कर्म नाही, नुसतं माप आहे. ‘द क्लॉथ वॉज मेझर्ड बाय द टेलर’ असं उलटवता येतं. तीन मीटरला तसं कर्त्याच्या जागी बसवून पाहा, वाक्य कोसळतं.

हा फरक मराठी बोलणाऱ्या मुलाला आधीच माहीत असतो. शिंप्यानं कापड ‘मोजलं’. कापड तीन मीटर ‘भरलं’. मोजणं सकर्मक, भरणं अकर्मक. इंग्रजी जिथे एका शब्दावर भागवते, तिथे आपल्याकडे दोन आहेत. मग शिकवताना हे वापरायला लाज कसली?

आमच्या घरातली गोष्ट तर आणखी पुढची. दखनीत आम्ही म्हणतो, ‘मैं रोटी खाया’. बोलणारा पुरुष, म्हणून ‘खाया’. मराठीत म्हणतो, ‘मी भाकरी खाल्ली’. इथे क्रियापद भाकरीचं, म्हणजे कर्माचं ऐकतं. इंग्रजीतलं ‘एट’ कर्त्याचंही ऐकत नाही, कर्माचंही नाही. तिथे शब्दाची जागाच सगळं सांगते. तीन भाषांचे तीन कायदे घेऊन आमचं पोर वर्गात येतं, आणि वर्ग त्याला ‘कच्चं’ ठरवतो.

काही जण म्हणतील, मराठी आणली की इंग्रजी बिघडते. बोलण्याचा सराव इंग्रजीतच हवा, मान्य. पण सराव वेगळा, समज वेगळी. न समजता पाठ केलेलं व्याकरण परीक्षेनंतर चार दिवस टिकत नाही. मग ‘इंग्रजी आपल्याला जमत नाही’ असं म्हणत मुलं शिक्षण सोडतात आणि दोष कौमच्या माथी बसतो.

कुरआनातल्या त्र्याऐंशीव्या सूरेचं नावच मापात मारणाऱ्यांवरून पडलं आहे. तागडीत मारणारा दुकानदार आपण लगेच ओळखतो. वर्षाची पूर्ण फी घेऊन मुलाच्या पदरात अर्धवट समज टाकणाऱ्या वर्गाला मात्र आपण ‘चांगली शाळा’ म्हणतो. पुढच्या पालकसभेत फूटपट्टी घेऊन जा, आणि विचारा: टेबल ऑब्जेक्ट आहे का?