रुपया पोहोचला, उत्तर कोण देणार?

जयपूर-अजमेर मार्गावरील दुदू येथे २० ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत ‘आधार’शी जोडलेल्या सरकारी सेवांचा प्रारंभ झाला. त्याआधी दोन वर्षे, २९ सप्टेंबर २०१० रोजी, याच दोघांनी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक वितरित केले होते. पुढे तीनच महिन्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, जयपूरच्या काँग्रेस अधिवेशनात पक्षाचे नवे उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी वडिलांच्या त्या प्रसिद्ध कबुलीची आठवण काढली. दिल्लीहून निघालेल्या रुपयातील पंधराच पैसे गरिबापर्यंत पोहोचतात, असे राजीव गांधी १९८५ मध्ये म्हणाले होते. थेट बँक खात्यात पैसे जमा करण्याची व्यवस्था हे त्यावरचे उत्तर, असा राहुल यांचा दावा होता. २०१४ नंतर नरेंद्र मोदी यांनी जनधन खात्यांची जोड देऊन हीच व्यवस्था कितीतरी पटींनी वाढविली आणि तेच पंधरा पैसे काँग्रेसच्याच पदरात घातले. पक्ष बदलले, दृष्टी तीच राहिली.

ही दृष्टी पाटबंधारे खात्यातील अभियंत्याची आहे. पाणी झिरपते, तर पाटाला अस्तर घाला. त्यात चूक काहीच नाही. पण पाटाच्या शेवटच्या टोकाला शेती असणाऱ्याची तक्रार केवळ गळतीची नसते. दार कोण उघडणार, आणि उघडले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हा त्याचा प्रश्न असतो.

राजस्थाननेच त्याचा दाखला आधी दिला होता. अलवर जिल्ह्यातील कोटकासिममध्ये डिसेंबर २०११ पासून रॉकेल बाजारभावाने विकून अनुदान खात्यात जमा करण्याचा प्रयोग झाला. विक्री सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली आणि काळाबाजार संपल्याचा निर्वाळा प्रशासनाने दिला. प्रत्यक्षात अनेकांची खाती नव्हती, बँका दूर होत्या, अनुदान महिनोन्महिने येत नव्हते; आधी पूर्ण किंमत मोजणे न परवडल्याने लोकांनी रॉकेल घेणेच थांबविले होते. खरेदी थांबवणारा गरीब आणि काळाबाजारवाला दोघेही ‘बचती’च्या एकाच रकान्यात गेले. पुढे शिधावाटप यंत्रावर आले, तेव्हा कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे न जुळणाऱ्यांची तीच गत झाली.

गंमत अशी की, या प्रश्नाचे दुसरे उत्तरही राजस्थाननेच शोधले होते. १९९६ च्या ब्यावर येथील चाळीस दिवसांच्या धरण्यात मागणी होती ती कामाच्या हिशेबाची. माहिती अधिकाराच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. २००० मध्ये राज्याचा आणि २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याची हमी देणारा कायदा राजस्थानने २०११ मध्ये केला, सुनावणीच्या हक्काचा २०१२ मध्ये. दुदूच्या समारंभाआधीच हे दोन्ही कायदे राज्यात लागू झाले होते, हे फार कमी जणांना आठवते.

आणि संसदेत? मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यावर दंडाची तरतूद करणारे केंद्राचे विधेयक डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले. स्थायी समितीकडे जाऊन आले, पण २०१४ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. त्याच काळात थेट लाभाची योजना मात्र १ जानेवारी २०१३ च्या मुहूर्तावर सुरू होऊ शकली. मोदी सरकारनेही ते विधेयक पुन्हा आणले नाही. राजस्थानात अशोक गेहलोत यांनी ‘जवाबदेही’ कायद्याचे आश्वासन दिले. २०२३ च्या अखेरीस त्यांचे सरकार गेले, तरी तो संमत झाला नव्हता. पैसा वाटण्याचे श्रेय मंचावर घेता येते. उत्तरदायित्वाचा कायदा मात्र मंत्र्याला स्वतःच्याच यंत्रणेशी वैर घ्यायला लावतो, आणि ते कोणालाच नको असते.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. पहिली दोन अपिले प्रशासनातील वरिष्ठांकडेच जातात. तिसरे मात्र स्वतंत्र आयोगाकडे. राजस्थानच्या २०११ च्या कायद्यात अपिलाचे दोन टप्पे आहेत आणि दोन्ही सरकारी अधिकाऱ्यांपुढेच संपतात. जयपूरच्या सचिवालयातून हा कायदा कधी दुरुस्त व्हायचा असेल, तर सुरुवात या दुसऱ्या टप्प्यापासून करावी लागेल.